चौथ्या सीटचा कायदा

मुंबईच्या लोकलमध्ये दुसऱ्या वर्गाचा बाक तिघांसाठी बनवलेला असतो. त्यावर चौघं बसतात. चौथ्याचं अर्धं अंग बाहेर, पाय वाटेत. तरी ती त्याची हक्काची सीट. हा हक्क रेल्वेनं दिलेला नाही, कुठल्या पाटीवर लिहिलेला नाही. ‘जरा सरकून घ्या’ म्हणायचं, समोरच्यानं सरकायचं. जो सरकत नाही, त्याच्याकडे अख्खा डबा बघतो.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची लोकल धावली. त्यानंतर डबे कितीदा बदलले, पण त्यात वावरायचं कसं हे प्रवाशांनीच ठरवलं. ऐन गर्दीत एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. घाटकोपरला उतरायचं तर विक्रोळीपासूनच दाराकडे सरकायचं, पाठीवरची बॅग पोटाशी घ्यायची, आतल्याच्या हातून सामान रॅकवर चढवायचं. एवढ्या दाटीत गाडी रोज चालते ती या शिस्तीवर. डब्याचा आराखडा रेल्वेचा, पण त्यातली जागा माणसांच्या वहिवाटीनं घडलेली.

या वहिवाटीचा सर्वांत देखणा नमुना बायकांच्या डब्यात दिसतो. चढलेली बाई बसलेलीला विचारते, ‘कुठं उतरणार?’ ‘दादर.’ ‘मग तुमची सीट मला.’ सौदा पक्का. मागून आलेलीनं तोच प्रश्न केला, तर ‘दिलीय’ एवढं उत्तर पुरतं आणि ती पुढच्या सीटकडे वळते. १९९२ मध्ये चर्चगेट–बोरिवली महिला विशेष लोकल सुरू झाली, तेव्हा ही पद्धत न बोलावता तिच्यात चढली. या पद्धतीतली मोठी गोष्ट अशी की, आज पहिल्यांदा लोकलमध्ये पाऊल टाकणारीलाही ती लागू होते. ओळख लागत नाही, विचारावं लागतं.

आता डबा फोनमध्येही भरतो. ठरावीक लोकलच्या प्रवाशांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. गाडी किती लेट, कुठला फलाट, कोण आजारी, कुणाचं प्रमोशन, दसऱ्याला डबा सजवायची वर्गणी, सगळं त्यावर. इथवर उत्तमच. पण आता सीटही त्यावर धरली जाते. आधीच्या स्टेशनवर चढलेली कळवते, ‘जागा ठेवलीय.’ फलाटावर उभ्या असलेल्या नवख्या बाईच्या पुढे एक रांग लागलेली असते आणि ती तिला दिसत नाही. ‘कुठं उतरणार?’ विचारायची सोयच उरत नाही, कारण सौदा तिच्या गैरहजेरीत झालेला असतो.

जुनी लोकल सोवळी होती असं नाही. विरार गाडीत बोरिवलीला उतरणाऱ्याला विरारकडे जाणाऱ्यांकडून काय ऐकावं लागतं, हे पश्चिम रेल्वेवर कुणालाही ठाऊक आहे. मात्र ती दादागिरी चारचौघांत चालते. तिच्याशी भांडता येतं, चौथा प्रवासी मध्ये पडतो. ग्रुपमधल्या दादागिरीशी भांडायला आधी ग्रुपमध्ये असावं लागतं.

दोष फोनचा म्हणावा, तर ‘एम-इंडिकेटर’ बघा. वेळापत्रकासाठी घेतलेल्या या अ‍ॅपच्या चॅटवर अनोळखी माणसं एकमेकांना गाडी कुठं अडकली ते सांगतात. चौथ्या सीटचाच हा स्वभाव: जो येईल त्याला सरकून जागा. म्हणजे पडद्यावरची जागाही वहिवाटीनंच घडते, आणि ती उघडी ठेवायची की बंद, हे वापरणाऱ्यांच्या हातात असतं.

लोकलपुरतंच हे नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत विषय निघण्याआधीच तो ग्रुपवर मिटलेला असतो. फोन न वापरणारे आजोबा सभेला येतात ते फक्त सही करायला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ग्रुपवर निरोप द्या, वर्गणी काढा, रात्रीच्या सोबतीची चौकशी करा. पण जी जागा सगळ्यांची आहे, तिचा सौदा त्याच जागेत, समोरासमोर व्हावा. डब्यातली सीट डब्यातच मागावी, सभेतला ठराव सभेतच मांडावा. विचारणाऱ्याला नकार मिळाला तरी चालेल. त्याला विचारता आलं पाहिजे.

— पादचारी