रडका शेतकरीच पाहिजे काय?

पावसाची उघाड नाही, वावरात पाय ठेवला की पोटरीपर्यंत रुततो. सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. म्हणून आजची नोंद पिकाची नाही, बातमीची.

काल एका चॅनेलचा पोरगा केनवडात आला होता. पोरगा चांगला, बोलणं नम्र. पण बांधावर आल्या आल्या म्हणे, "काका, दोन-चार झाडं उपटून हातात घ्या अन् चिखलात बसा." मी म्हटलं, "काऊन बा, उभ्यानं बोललो तर नुकसान कमी दिसते काय?" मग त्याचा प्रश्न, "कसं वाटतंय?"

मी त्याला सांगितलं, २०२५ च्या खरिपापासून पीक विम्यातून स्थानिक आपत्तीची भरपाई काढून टाकली. आधी वावरात पाणी साचलं की ७२ तासांत कळवता येत होतं, माझ्या वावराचा वेगळा पंचनामा होत होता. त्या नियमात पीक कापणी प्रयोगात अख्ख्या मंडळाचं सरासरी उत्पादन उंबरठ्याच्या खाली गेलं तरच पैसे. माझं नाल्याकाठचं वावर बुडालं अन् वरची तगली, तर मी कोणाकडं पाहू?

संध्याकाळी बातमी लागली. चिखल होता, मी होतो, विमा कापला होता. खाली पट्टी : बळीराजा हवालदिल. (कांद्याला भाव आला की हा राजा कुठं जातो? तेव्हा गृहिणींच्या डोळ्यांत पाणी असते.)

आपल्याच जिल्ह्यातलं मानोरा आठवा. २०२५ च्या मे महिन्यात बाजार समितीत अवकाळी पावसानं भुईमूग वाहून चालला होता अन् एक तरुण शेतकरी दोन्ही हातांनी तो अडवत होता. व्हिडिओ देशभर फिरला, केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांचा त्याला फोन आला. चांगलंच झालं, त्या भावाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण विकायला आणलेला माल उघड्यावर काऊन होता? शेड किती, अन् त्यात माल कोणाचा? हे विचारताना मी एकही चॅनेल पाहिलं नाही. अन् ज्याचा व्हिडिओ कोणी काढला नाही, त्याला फोन कोण करणार?

उद्या आणखी एक चॅनेलवाले येतो म्हणतात. म्हटलं, या. पण येताना आपल्या मंडळात पीक कापणीचे प्लॉट कुठं पडले, ते कृषी कार्यालयात विचारून या. मग चिखलातही बसतो.