काढलेल्या गाठीची साक्ष



एकाच गावातील दोन भगिनींना स्तनाचा कर्करोग होतो. दोघींची गाठ लहान असतानाच शस्त्रक्रिया होते. तरी एकीला रोज एक गोळी पुरते व दुसरीला शिरेतून उग्र औषधे घ्यावी लागतात. मग ओट्यावर कुजबूज सुरू होते की, एकीची हेळसांड झाली किंवा दुसरीला लुबाडले. बहुधा दोन्ही खोटे असते. रोगाचे नाव एक असले तरी स्वभाव एक नसतो, आणि तो गाठ तपासल्यावाचून कळत नाही.

गाठ किती मोठी, पेशी किती बिघडलेल्या, काखेतील किती रसग्रंथींत रोग पोचला, हे प्रथम पाहतात. ह्यांत काखेची साक्ष जुनी आणि आजही वजनदार आहे. नंतर पेशींत स्त्री-संप्रेरकांचे ग्राहक आहेत काय, ते तपासतात. अंडाशय काढल्यास काही स्त्रियांचा कर्करोग ओसरतो, हे ग्लासगोचे शल्यवैद्य जॉर्ज बीटसन ह्यांनी १८९६ मध्येच दाखविले होते; परंतु काहींचाच का, हे कोडे ग्राहकांचा शोध लागल्यावर सुटले. ग्राहक असतील तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी उपयोगी; नसतील तर ती गिळणे व्यर्थ.

‘हर-टू’ ह्या प्रथिनाची कथा तर विलक्षण आहे. त्याचे आधिक्य हे वाईट लक्षण असल्याचे १९८७ मध्ये दिसून आले. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याच प्रथिनावर नेम धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅब औषधाला मान्यता मिळाली, आणि भिववणारी खूणच उपचाराची वाट दाखवू लागली.

गाठीतील २१ जनुके तपासणारी एक महागडी चाचणीही आहे. संप्रेरक-ग्राहक असलेल्या, हर-टू नसलेल्या व काख निर्दोष असलेल्या स्त्रियांत तिचा मध्यम गुणांक आल्यास, पन्नाशी उलटलेल्यांना उग्र औषधांनी अधिक लाभ होत नाही, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आढळले. केस गळणे, ओकाऱ्या, कर्ज हे सारे त्यांना टाळता येते. मात्र ही चाचणी सर्वांसाठी नव्हे.

परंतु गाठच फेकून दिली तर? लहान गावी बरणीतील गाठ नातलगांना दाखवितात आणि मग ती कचऱ्यात जाते, असे अद्यापि घडते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावे : गाठ फॉर्मालिनमध्ये घालून तपासणीस पाठविणार ना? आलेला अहवाल घरच्या दाखल्यांबरोबर पेटीत ठेवावा. मोठ्या रुग्णालयात जाताना प्रयोगशाळेतून गाठीचा मेणातील ठोकळाही मागून घ्यावा. पुढील चाचण्या त्यावरच करता येतात.