निकालाचा आकडा आणि निकालाचा हिसाब

निकाल लागला की घरोघरी पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती टक्के?" आकडा कळला की गुणपत्रिका कपाटात जाते. आतले रकाने फारसे कोणी वाचत नाही. वाचकहो, या महिन्यात आम्ही तुमच्यापुढे एक वेगळीच गुणपत्रिका ठेवत आहोत. ती अमेरिकेतील बेसबॉलच्या एका सामन्याची आहे.

आपल्याकडे हा खेळ कमीच खेळला जातो, म्हणून आधी दोन शब्द. सामना नऊ डावांचा असतो. प्रत्येक डावात दोन्ही संघांना एकेकदा फलंदाजी मिळते आणि तीन गडी बाद झाले की पाळी संपते. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. फलंदाज तीन बेस ओलांडून मूळ जागी परतला की एक धाव होते. नऊ डावांनंतर बरोबरी असेल तर खेळ पुढे चालू राहतो. वर्तमानपत्रात सामन्याचा तक्ता येतो, त्यात प्रत्येक संघापुढे तीन आकडे असतात: धावा, हिट म्हणजे चांगल्या फटक्यावर गाठलेला बेस, आणि क्षेत्ररक्षकांच्या चुका.

२६ मे १९५९ रोजी मिलवॉकी शहरात पिट्सबर्ग पायरेट्स आणि मिलवॉकी ब्रेव्हज यांचा सामना झाला. त्याचा तक्ता असा: पायरेट्स, धावा ०, हिट १२, चुका १. ब्रेव्हज, धावा १, हिट १, चुका ०. नुसता निकाल पाहिला तर पायरेट्स हरले आणि त्यांचा पिचर हार्वी हॅडिक्स हरला. पण ज्या संघाने १२ हिट केले तो हरला आणि एकच हिट करणारा जिंकला, हे कसे?

हॅडिक्सची त्या दिवशी तब्येत बरी नव्हती. समोरचा संघ आधीच्या दोन्ही वर्षी नॅशनल लीग जिंकलेला. तरीही त्याने नऊ डावांत २७ फलंदाज ओळीने बाद केले, एकालाही पहिल्या बेसवर पोहोचू दिले नाही. कित्येक पिचरांच्या उभ्या कारकिर्दीत असे एकदाही घडत नाही. पण त्याच्या साथीदारांनाही धाव काढता येईना. ब्रेव्हजचा पिचर ल्यू बर्डेट हिट देत होता, धाव मात्र देत नव्हता. हॅडिक्सने आणखी तीन डाव तसेच टाकले. बारा डाव, ३६ फलंदाज, ३६ बाद.

तेराव्या डावात पहिलाच फटका तिसऱ्या बेसवरच्या डॉन होककडे गेला. त्याची फेक चुकली आणि फेलिक्स मँटिला पहिल्या बेसवर पोहोचला. पुढच्या फलंदाजाने स्वतः बाद होऊन त्याला दुसऱ्या बेसवर नेले. हँक आरनला मुद्दाम पहिला बेस दिला गेला. मग जो अॅडकॉकने चेंडू कुंपणाबाहेर मारला. धावण्याच्या गोंधळात अॅडकॉक आरनच्या पुढे गेला, म्हणून तीनऐवजी एकच धाव धरली गेली. सामना १-० ने संपला.

आम्हाला या तक्त्यातील एक गोष्ट फार आवडते. बेसबॉलच्या हिसाबात धावांचे दोन प्रकार असतात: पिचरच्या खात्यावर जाणाऱ्या आणि साथीदाराच्या चुकीमुळे झालेल्या. ती एकमेव धाव दुसऱ्या प्रकारात मोडते. म्हणजे हॅडिक्सच्या नावापुढे पराभव आहे, पण त्याच्या खात्यावर धाव एकही नाही. हार लपवलेली नाही आणि दुसऱ्याची चूक त्याच्या माथी मारलेलीही नाही. होकची चूक होकच्याच नावावर आहे, आणि तीही एकच.

सगळे नियम इतके उदार नसतात. १९९१ मध्ये व्याख्या कडक झाली. संपूर्ण सामना एकही हिट न देता संपला, तरच तो त्या मानाच्या यादीत राहणार असे ठरले. हॅडिक्सचा सामना यादीतून गेला. त्या रात्रीच्या तक्त्यातील ३६ बाद मात्र कोणाला पुसता आले नाहीत.

पालकहो, मुलाची गुणपत्रिका हाती आली की टक्क्यांच्या अलीकडचे रकाने वाचा. हजेरी पाहा. पहिल्या सत्रापासून दुसऱ्या सत्रापर्यंत गणितात किती फरक पडला ते पाहा. पोरगी महिनाभर आजारी होती का, धाकट्या भावंडांना सांभाळत अभ्यास करत होती का, पुस्तके उशिरा मिळाली का, हे अम्मी-अब्बांनी आपसात बोलावे. तिची चूक असेल तर तीही स्पष्ट सांगावी. पण जी तिची नाही, ती तिच्या खात्यावर लावू नये.

आणि चूक करणाऱ्याचेही काय झाले, तेही सांगतो. १९६० मध्ये याच पायरेट्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली. त्यातील दोन सामन्यांचा विजयी पिचर होता हॅडिक्स, आणि तिसऱ्या बेसवर उभा होता तोच डॉन होक.