मेन बंद करीन की आठवणीने!

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड या पट्ट्यात विजेचे खांब काडीसारखे आडवे झाले. कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. अशा वेळी टाकीत पाणी चढवायचं तर जनरेटर हवाच. त्याला माझी काहीच हरकत नाही. माझा राग आहे तो जनरेटर घराला जोडायच्या एका खास देशी पद्धतीवर.

पद्धत तुम्ही पाहिली असेल. एक जाड केबल, दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप. एक टॉप जनरेटरमध्ये, दुसरा भिंतीवरच्या पंधरा अँपियरच्या पॉइंटमध्ये. झालं, अख्खं घर उजळलं! भिंतीतला टॉप चुकून निघाला तर हातात उघड्या पिना आणि त्यात २३० व्होल्ट. पण ते सोडा, तो धोका निदान आपला आपल्याला.

खरी गोम पुढे आहे. मेन स्विच चालू राहिला तर तुमची वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. आणि डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरला सुलटं-उलटं काही कळत नाही. एरवी तो ११ हजार व्होल्टचे आपल्यासाठी २३० करतो. खालून २३० दिले तर वर इमानेइतबारे ११ हजारांच्या आसपास करून देतो. तिकडे लाइनमन तार जोडायला चढलेला असतो, सबस्टेशनमधून लाइन बंद आहे म्हणून. काम सुरू करण्याआधी लाइन अर्थ करायचा नियम आहे, पण तुमचा जनरेटर त्या अर्थिंगच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे त्याला कोण सांगणार?

यावर एक शहाणा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: "अहो, अख्ख्या आळीचा लोड आला तर एवढासा जनरेटर जागीच बसेल की!" एरवी बसेलही. पण वादळात तार तुमच्या घरापुढेच तुटलेली असते. लोड शून्य, जनरेटर मजेत चालू, आणि तुटलेलं टोक चिखलात पडलेलं. ते उचलणाऱ्याला मारायला ११ हजार कशाला, २३० पुरतात.

दुसरा युक्तिवाद, "मी मेन बंद करतो की आठवणीने." तुम्ही कराल हो. पण रात्री दोन वाजता तुमचा मेव्हणा करेल? आमच्या धंद्यात दोन प्रोसेसनी एकच रिसोर्स एकाच वेळी धरू नये म्हणून लॉक घालतात. "प्रोग्रॅमर लक्षात ठेवेल" एवढ्यावर कोड रिव्ह्यू पास होत नाही. विजेतलं ते लॉक म्हणजे चेंजओव्हर स्विच. एकच हँडल: इकडे महावितरण, मध्ये बंद, तिकडे जनरेटर. दोन्ही एकदम जोडलेच जाऊ शकत नाहीत, मेव्हणा कितीही झोपेत असला तरी.

सिंगल फेजला तो डबल पोल घ्या, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही बाहेरच्या लाइनपासून तुटतो. थ्री फेजला चार पोल. छोट्या जनरेटरमध्ये न्यूट्रल बरेचदा अर्थला जोडलेला नसतो, आणि मग घरातला ईएलसीबी नुसता शोभेचा ठरतो. हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बघून घ्या. (हे वाचून स्वतः पक्कड घेऊन बसू नका.) इन्व्हर्टरवाल्यांना हे सगळं नवीन वाटेल, कारण घरगुती इन्व्हर्टरमध्ये हा अदलाबदलीचा रिले आतच असतो. आणि छतावरचं सोलर लाइट गेल्यावर का बंद पडतं म्हणून जे करवादतात, त्यांना सांगतो, ते मुद्दामच बंद पडतं, त्याच लाइनमनसाठी.

आता कुणी म्हणेल, वादळ दारात असताना चेंजओव्हर कुठून आणू? नका आणू. घराच्या वायरिंगला हातच लावू नका. जनरेटर बाहेर मोकळ्यावर ठेवा, खिडकीपासून लांब, कारण त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. त्यातून एक जाड एक्स्टेंशन ओढा आणि पंप किंवा फ्रीजचा टॉप थेट त्यात घाला. हॉलमधला पंखा फिरणार नाही, एवढंच.