संतांचा दिवस, समाजाचे व्रत

ज्या संताचे चरित्र समाज हृदयी धरितो, त्याच्या नावे पंचांगातील एक दिवस अक्षय होऊन राहतो. १५ फेब्रुवारी हा संत सेवालाल महाराजांच्या जयंतीचा दिवस. आमच्या मंगरूळपीरशेजारच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी येथे महाराजांची समाधी असून, बंजारा समाज त्या क्षेत्रास आपली काशी मानतो.

महाराजांचा जन्म १७३९ सालचा. भीमा नाईक व धर्मणीमाता यांचे हे सुपुत्र आजन्म ब्रह्मचारी राहिले. बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून मुलूखभर फिरणारी लदेणी हीच तेव्हा समाजाची उपजीविका. पुढे आगगाडी आली, लदेणी बुडाली, तांडे पोटासाठी चहूकडे पांगले. अशा वेळी पांढरा ध्वज, नगाऱ्याचा नाद, अग्नीस अर्पिलेला भोग आणि सर्वांनी मिळून केलेली अरदास यांनीच त्या विखुरल्या मण्यांना एका सूत्रात ओवून ठेविले.

असेच उदाहरण सातासमुद्रापार आयर्लंडात आढळते. १७ मार्च ही तेथील पाचव्या शतकातील संत पॅट्रिक यांची पुण्यतिथी. ब्रिटनमधून किशोरवयात पळवून नेलेल्या या मुलाने आयर्लंडात सहा वर्षे गुलाम म्हणून मेंढरे राखिली. सुटका होऊन स्वगृही गेल्यावरही तो त्याच लोकांच्या उद्धारार्थ परतला. १८४५ पासूनच्या दुष्काळात लाखो आयरिश लोक देशोधडीला लागले, आणि परमुलखात हा दिवस त्यांच्या मायभूमीची खूण ठरला. १९२७ च्या कायद्याने त्या दिवशी तेथील मद्यालये बंद ठेविली जात. १९६० साली ते बंधन उठले. आज अनेक शहरांत संताच्या त्याच दिवशी मद्याचे पेले फेसाळतात.

आम्हांस येथेच थांबून विचार करावासा वाटतो. व्यसनापासून दूर राहा, हा सेवालाल महाराजांचा उपदेश. पोहरादेवीस २०२४ साली बंजारा विरासत संग्रहालय उभे राहिले, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु वारसा केवळ भिंतींत राहत नाही. मिरवणूक संपल्यावर घरधनी शुद्धीवर परतला, मजुरीचा पैसा गृहिणीच्या हाती पडला, मुलाची फी भरली गेली, तर जयंती खरी साजरी झाली.

जातपात न पाहता प्रत्येक भाविक घराने या दिवशी हे एक व्रत घ्यावे. दिवा देव्हाऱ्यात लावावा, पण त्याचा उजेड उंबरठ्यापर्यंत पोहोचला पाहिजे.