‘ओसाड’ लिहिण्याआधी

मराठी कथा-कादंबरीत माळरान आले की त्याच्या पुढे ‘ओसाड’ हे विशेषण जवळजवळ सवयीने येऊन बसते. विद्यार्थ्यांच्या निबंधांतही ते मी वर्षानुवर्षे वाचत आलो आणि त्याखाली कधी लाल रेघ ओढली नाही. सोलापूरजवळचा नान्नजचा माळ निरनिराळ्या ऋतूंत पाहिल्यावर मात्र या शब्दाची मला धास्ती वाटू लागली.

पावसाळ्यात गवत वर आले की माळढोकाच्या विणीचा काळ. नर गळ्याची पिशवी फुगवून साद घालतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या येतात आणि रात्री गवतातच, जमिनीवर मुक्काम करतात. हुरड्याच्या दिवसांत भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरतात, तेव्हा शेतकऱ्याच्या हाती गोफण असते, आणि त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही. उन्हाळ्यात आपल्याला नुसती तांबूस माती दिसते. धाविकाची अंडी नेमकी त्या मातीवर, मातीच्याच रंगाची असतात.

पक्ष्यांना साहाय्य म्हणजे गच्चीवर पाण्याचे भांडे आणि मूठभर दाणे, अशी आपली समजूत आहे. चिमण्यांपुरती ती ठीकच. माळावरच्या पक्ष्याला मात्र मोकळी जागाच हवी असते. ‘उजाड’ माळ हिरवा करण्याच्या सद्भावनेने तेथे दाट झाडी लावली, तर दूरवर नजर ठेवून जगणारा माळढोक ती जागा सोडतो. येथे वृक्षारोपण हाच उपद्रव ठरतो, हे ऐकून आपले अध्यापक-मित्र दचकतात. पण देशाच्या ‘पडीक भूमी’च्या अधिकृत नकाशांतही गवताळ माळांची गणना पडीकातच होत आली आहे. साहित्यातले ‘ओसाड’ आणि दप्तरातले ‘पडीक’ यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

दोष एकट्या विशेषणाचा नाही, हे मान्य. १९७९ साली जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात शेते, गावे, शहरेही आली. जमिनीचे व्यवहार अडले आणि लोकांना पक्षीच वैरी वाटू लागला. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आले. दरम्यान ऊस वाढला, विजेच्या तारा आल्या. डोळे बाजूंना असलेल्या या जड पक्ष्याला समोरची तार वेळेत दिसत नाही. आज नान्नजला माळढोक दिसलाच तर एखादा.

२००६ साली सोलापुरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली होते. ते याच शहरात जन्मले आणि येथेच २०२५ साली निवर्तले. रानातल्या माणसांकडून त्यांनी पाखरांची नावे गोळा केली. आपण त्यांना ‘अरण्यऋषी’ म्हणून नमस्कार केला आणि तो शब्दसंग्रह परिशिष्टात टाकला, अशी माझी तक्रार आहे. ‘माळढोक’ या नावातच ‘माळ’ आहे. नाव देणाऱ्याला तो ओसाड दिसला नसावा.

यंदा मी ‘ओसाड’खाली रेघ ओढली. एका विद्यार्थिनीने विचारले, “मग काय लिहू, सर?” मला चटकन शब्द सुचला नाही. येत्या रविवारी आम्ही दोघे-तिघे तिच्या वर्गाला घेऊन नान्नजला जाणार आहोत.