अर्ध्या वहीचा हिशेब

प्रांतिक सरकारच्या तिजोरीत खडखडाट झाला की उद्योगपतींच्या संघटना सल्ला घेऊन दारात उभ्या राहतात. सल्ला ठरलेला असतो : कर्ज आवरा, खर्चाला कात्री लावा आणि शेजारच्या प्रांताशी स्पर्धा करता यावी म्हणून कंपन्यांवरील कर उतरवा. तूटही भरायची आणि उत्पन्नही सोडायचे, ही कसरत कोणाच्या पाठीवर उभे राहून केली जाते, हे पाहावयाचे असेल तर कॅनडातील अल्बर्टा प्रांताकडे पाहावे.

एप्रिल २०१९ मध्ये तेथे जेसन केनी यांचा युनायटेड कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष विजयी झाला. १ जुलै रोजी कंपन्यांवरील प्रांतिक कर १२ टक्क्यांवरून ११ वर आला. १ जुलै २०२० रोजी तो ८ वर पोचला. या कपातीला नाव दिले गेले रोजगारनिर्मितीचे! त्याच काळात प्रांताच्या अर्थव्यवहाराची तपासणी करण्यासाठी तज्ज्ञमंडळ नेमण्यात आले. अध्यक्षा जॅनिस मॅकिनन या सस्कॅचवान प्रांताच्या माजी अर्थमंत्री, त्याही डाव्या म्हणविणाऱ्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाच्या. परंतु प्रश्नच असा घालून दिला होता की दुसरे उत्तर निघणे अशक्य होते. कर न वाढविता २०२२-२३ पर्यंत अंदाजपत्रक समतोल करावयाचे. म्हणजे तपासणी केवळ खर्चाची. जमेचे पान झाकून हिशेब तपासणारा कारकून कोणता व्यापारी आपल्या पेढीवर ठेवील?

ऑक्टोबरच्या अंदाजपत्रकात या हिशेबाची फळे दिसली. गंभीर अपंगत्व असलेल्या नागरिकांच्या निर्वाहभत्त्याची महागाईशी असलेली सांगड तोडण्यात आली. ती पुन्हा जुळण्यास २०२३ साल उजाडावे लागले. कंपन्यांची सवलत मात्र शाबूत राहिली.

आणि स्पर्धेचे काय झाले? त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस कॅल्गरीच्या एनकाना या बड्या तेल-वायू कंपनीने आपले ठाणे अमेरिकेत हलविण्याचे जाहीर केले. कारण दिले ते अमेरिकन भांडवल मिळविण्याचे. भांडवल करसवलत स्वीकारते, पण तिच्या उपकारात बांधले जात नाही.

कर्जाचे व्याज अखेर श्रमिकांनाच फेडावे लागते, हे आम्हांसही मान्य आहे. पण मग कर्जाला निमंत्रण देणारी करकपात निर्दोष कशी?

हा प्रश्न केवळ दूरदेशीचा नाही. २० सप्टेंबर २०१९ रोजी आपल्या केंद्र सरकारनेही, अन्य सवलती सोडणाऱ्या देशी कंपन्यांचा मूळ कर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला. केंद्रीय करांत राज्यांचा वाटा असतो. त्यामुळे त्या औदार्याचा भार महाराष्ट्रासह सर्व राज्यांच्या तिजोरीवरही पडला.

म्हणून कार्यकर्त्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पैसा नाही असे सांगून शाळेला वा दवाखान्याला कुलूप लावण्याची भाषा कोणी करू लागला, तर पहिला सवाल एवढाच करावा : सोडून दिलेला कर किती, आणि तो कोणाला सोडला? वहीची दोन्ही पाने उघडल्याखेरीज जनतेने एका पैशाचीही काटकसर मान्य करू नये.